म्हापशातला चायनीज क्लास : भाषेला साडेचार स्टार, 'चीनमध्ये नोकरी'ला एक

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. माझे साडेसात हजार अजून त्यांच्याकडे अडकलेत आणि ते हातात येईपर्यंत मला कुणाशी वाजवून घ्यायचं नाही. म्हापशात आहे एवढं पुरे. ज्यांना चायनीज शिकायचंय, किंवा ज्यांच्या घरात कुणीतरी 'चायनात जॉब लागतो म्हणे' असं बोलायला लागलंय त्यांनी वाचा. लांबलंय, पण मी भाषेचे २२ आणि 'करिअर पॅकेज'चे १५ असे ३७ हजार घालून जे शिकले ते तुम्हाला फुकट मिळतंय.

मी डिचोलीची, एका फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली. पगार वाईट नाही, पण माझ्या वरच्या खुर्चीत जो माणूस बसलाय तो अजून पंधरा वर्षं तरी हलत नाही, त्यामुळे काहीतरी वेगळं करावं हे कधीपासून डोक्यात होतं. आणि गोव्यात बाहेर जायचं म्हटलं की लोकांना तीनच वाटा दिसतात, बोटीवरची नोकरी, गल्फ, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडन. बोटीवर मला बेतीच्या फेरीतच मळमळतं, गल्फला आई सोडत नाही, आणि पोर्तुगीज कागदांचा विषय काढला की बाबा जेवता जेवता उठतात. तर मे महिन्यात शुक्रवारच्या बाजारात मानकुराद आंबे घेताना एक पत्रक हातात आलं. लाल कंदील, ती भिंत, 'मँडरीन शिका, चीनमध्ये लाखो संधी' आणि कोपऱ्यात चक्क डॉ. कोटणीसांचा फोटो. सोलापूरचा तो माणूस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ ला तिकडेच वारला, त्याला काय कुणी प्लेसमेंट दिली नव्हती, पण तेव्हा मला हे सुचलं नाही, तेव्हा मला फक्त 'लाखो संधी' दिसलं.

जून ते डिसेंबर २०२५, दर रविवारी साडेनऊ ते साडेबारा. दुसरा मजला, लिफ्ट नाही, एसी आहे पण एकच आणि तो सरांच्या डोक्यावर. पावसात स्कूटर लावायला जागा मिळाली तर नशीब. पहिले दोन महिने मी रेनकोटसकट वर जायचे आणि वर्गात माझ्या खुर्चीखाली तळं व्हायचं.

आता चांगलं आधी. सर. सर मूळ फोंड्याचे, चीनच्या क्वांगतोंग प्रांतात फोशान म्हणून टाइल्सचं मोठं गाव आहे तिथे एका भारतीय इंपोर्टरसाठी आठ वर्षं माल तपासायचं काम केलं, २०२० च्या सुरुवातीला सुट्टीवर घरी आले ते कोविडमुळे इकडेच राहिले. माणूस असा की पहिल्याच दिवशी म्हणाले, 'चाक म्हण. आता चार म्हण. दोन्ही च वेगळे आले ना? झालं, अर्धं काम झालं, हिंदीवाल्यांना इथेच घाम फुटतो.' आणि खरंच, मराठी बोलणाऱ्याला जागातला ज आणि जीवातला ज वेगळा काढता येतो ना, तसलेच जोड-आवाज चायनीजमध्ये भरलेत, आपल्याला जीभ फारशी नवीन वळवावी लागत नाही. सूर मात्र रडवतात. चार सूर आणि एक बिनसुराचा, एकच 'मा' आई होते, घोडा होते आणि शिवी देणं पण होते, मी तीन आठवडे सरांच्या आईला घोडा म्हणत होते. लिहायला वह्या भरून घेतल्या, चौकटीच्या वह्या त्यांनी दिल्या फीमध्येच, त्याबद्दल तक्रार नाही. सहा महिन्यांत एचएसके, म्हणजे चायनीजची त्यांची सरकारी परीक्षा, तिच्या दुसऱ्या लेव्हलचे ३०० शब्द पक्के आणि तिसरीचे अर्धेमुर्धे, माझ्यासारख्या आठवड्याला एक दिवस शिकणाऱ्या बाईसाठी हे बरंच आहे. सर मला 'बाय' म्हणायचे, चुकलं की 'बाय, परत', नुसतं एवढंच, आवाज न चढवता.

पण आमच्या बॅचला खरी चटक लागली ती शेवटच्या अर्ध्या तासाची. सर प्रोजेक्टरवर चिनी नोकरीच्या जाहिराती लावायचे आणि आम्ही अक्षर अक्षर लावत वाचायचं. तिकडे 'बॉस झिपिन' नावाचं अॅप आहे, त्यात रेझ्युमे पाठवून वाट बघत बसत नाहीत, थेट मालकाशी किंवा एचआरशी चॅट सुरू करायचं. शेनझेन शहरातल्या एका कंपनीची जाहिरात होती, एक्स्पोर्ट सेल्सची. सर म्हणाले पगार वाचू नका, पगार सगळेच वाचतात, खालचं वाचा. खाली काय, तर 'श्वांगश्यू', म्हणजे आठवड्याला दोन सुट्ट्या, हे ते अभिमानाने लिहितात कारण सगळीकडे मिळत नाहीत. दुसऱ्या जाहिरातीत 'ता-श्याओ चोउ', मोठा आठवडा छोटा आठवडा, एका आठवड्यात पाच दिवस काम आणि पुढच्यात सहा. जिथे सुट्टीबद्दल एक अक्षर नाही तिथे काय समजायचं ते समजा. मग 'वू श्येन यी चिन', पाच विमे आणि एक घराचा फंड, आपल्या पीएफ-ईएसआयचा चुलतभाऊ, ते लिहिलेलं नसेल तर पुढे जायचंच नाही म्हणे. मालक पूर्वी कामगाराकडून 'मला विमा नको' असं लिहूनच घ्यायचे, १ सप्टेंबर २०२५ पासून तिकडच्या सुप्रीम कोर्टाने असला करार चालणार नाही असं सांगितलंय.

आणि मग ती ओळ. 'वय ३५ च्या आत.' मॅनेजर पाहिजे, ३५ च्या आत. अकाउंट्सला पाहिजे, ३५ च्या आत. मी २९ ची, सरांनी माझ्याकडे बघून बोटांवर सहा मोजले आणि सगळे हसले, मी पण हसले, पण घरी जाताना थिवीच्या फाटकापर्यंत तेच डोक्यात होतं. तिकडे याला '३५ चा शाप' म्हणतात. कारण सरळ आहे, पोरं स्वस्त मिळतात, रात्री थांबतात, घरी वाट बघणारं कुणी नसतं. नऊ-नऊ-सहा तर आपल्याकडे पण ऐकून असतील लोक, सकाळी नऊ ते रात्री नऊ, सहा दिवस. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिकडच्या कोर्टानेच ते बेकायदेशीर ठरवलं, कागदावर.

सरांकडून एक शब्द शिकले, 'यिंगच्ये शंग'. म्हणजे यंदाच पास झालेला पोरगा. आपण फ्रेशर म्हणतो पण त्याहून कडक, हा एक शिक्काच असतो, तो असला तर कॅम्पसची भरती, सरकारी जागा, सगळीकडे वेगळी रांग. मोठ्या कंपन्यांची ती भरती शरदात सुरू होते, पुढच्या जूनमध्ये पास होणाऱ्यांसाठी आदल्या सप्टेंबरमध्येच, त्याला 'छिउचाओ' म्हणतात, मग उरलंसुरलं वसंतात. आणि अनुभवी लोकांसाठी बाजार मार्च-एप्रिलमध्ये तेजीत, चिनी नववर्षाचा बोनस घेऊन लोक नोकऱ्या सोडतात तेव्हा, त्याला म्हणतात 'सोन्याचा मार्च, चांदीचा एप्रिल'. आपल्याकडे चवथीला, म्हणजे गणपतीत, माटोळीच्या (मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाचा भाव जसा ठरलेल्या दिवसांत चढतो तसं. माझ्यासारखी सहा वर्षं काम केलेली बाई त्या फ्रेशरच्या रांगेत बसतच नाही, आणि अनुभवींच्या रांगेत माझ्यापुढे तिकडचीच माणसं, जी शंभर पटीने बरी चायनीज बोलतात. हे कुणी सांगितलं? सरांनी. पॅकेज विकणाऱ्या काउन्सेलर मॅडमनी? एकदाही नाही.

चवथीचे दोन रविवार क्लास बंद होता. परत सुरू झाल्यावर एका रविवारी सरांनी बोर्डावर एकच आकडा लिहिला, १८.९. तिकडच्या शहरांत १६ ते २४ वयाच्या काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या पोरांपैकी, शिकणारी सोडून, इतके टक्के बेकार, ऑगस्ट २०२५ चा सरकारी आकडा. मग त्याची कथा सांगितली ती मला फार आवडली. जून २०२३ मध्ये हा आकडा २१.३ ला गेला, त्याच्या आधी कधीच एवढा नव्हता, आणि ऑगस्टमध्ये सरकारने काय केलं तर आकडा छापणंच थांबवलं. पाच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये नवी पद्धत आणली, कॉलेजात शिकणारी पोरं मोजणीतून बाहेर, आणि मग डिसेंबरचा आकडा आला १४.९. मार्क कमी पडले की पेपरच सोपा करायचा, आमच्या पीटीच्या सरांसारखं. पण गंमत म्हणजे सोप्या पेपरात पण तो परत १८.९ वर चढला. दर वर्षी जून-जुलैमध्ये कॉलेजं पोरं बाहेर सोडतात आणि ऑगस्टमध्ये हा आकडा फुगतो. २०२५ ला किती पोरं बाहेर पडली माहितीये? १ कोटी २२ लाख. आख्ख्या गोव्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख धरा, म्हणजे सात-आठ गोवे एका वर्षात डिग्री घेऊन रांगेत. १९९९ पासून कॉलेजच्या जागा वाढवत गेले त्याचं हे पीक.

आणि ज्या दारांतून ही पोरं आत जायची ती दारं एकेक करून बारीक झाली. घरबांधणी २०२१ पासून बसली. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने शाळेच्या पोरांच्या खासगी शिकवण्यांवर हातोडा घातला आणि त्यातल्या एकट्या न्यू ओरिएंटल कंपनीने ६० हजार माणसं काढली, मालकाने स्वतःच सांगितलं. शिकवणी घेणारे, जाहिरात लिहिणारे, कॉल करणारे, सगळे पंचविशीतले. उरली सरकारी नोकरी. त्याला तिकडे जुना शब्द आहे, लोखंडी भाताचा वाडगा, पडला तरी फुटत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला ३८,१०० जागांसाठी ३७ लाखांवर अर्ज पात्र ठरले, आणि त्या वर्षीपासून वयाची अट ३५ वरून ३८ केली. हे ऐकून बॅचमधले एक काका म्हणाले, 'मग आमचंच बरं', आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला, कारण गोव्यात सरकारी नोकरीसाठी लोकांनी कुणाकुणाला किती दिले ते २०२४ च्या पेपरांत महिनाभर येतच होतं.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच होतं. तिकडे काही शहरांत 'कामावर गेल्याचं नाटक' करायची ऑफिसं निघालीयेत, दिवसाला ३०-५० युआन भरायचे, टेबल, वायफाय, चहा मिळतो, घरच्यांना वाटतं पोरगा नोकरीला गेला. पोरं तिथे बसून अर्ज भरतात. सर हे सांगत असताना मागच्या बाकावरचा हॉटेल मॅनेजमेंटवाला मुलगा एकदम खाली बघायला लागला. तो सीझन संपल्यावर रोज सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडायचा हे आम्हाला नंतर कळलं.

नोकऱ्या नाहीतच असं नाही हां. गाड्या, बॅटरी, चिप, रोबो यांच्याकडे भरती आहे, बीवायडी या एकट्या गाड्यांच्या कंपनीकडे २०२४ अखेर ९ लाखांहून जास्त माणसं होती. पण तिथे पाहिजे कोण, तर मशीन लावणारा, वेल्डिंग येणारा, कंट्रोलर प्रोग्राम करणारा. तिकडच्या सरकारनेच २०१७ मध्ये अंदाज काढला होता की २०२५ पर्यंत दहा मुख्य उत्पादन क्षेत्रांत जवळजवळ ३ कोटी कुशल माणसं कमी पडतील. एकीकडे एमए झालेला पोरगा पार्सल वाटतोय आणि दुसरीकडे कारखान्याला टेक्निशियन मिळत नाही. आणि जिथे मिळत नाही तिथे ते माणसाची वाट बघत नाहीत, २०२४ मध्ये जगात जेवढे नवे इंडस्ट्रियल रोबो बसले त्यातले अर्ध्याहून जास्त एकट्या चीनमध्ये. आमच्या घरी नळ गळतोय गेले दोन महिने, प्लंबर फोन उचलत नाही, आणि वाड्यावर तीन बीकॉम घरी बसलेत, त्यामुळे मला हे समजायला चीनला जावं लागलं नाही.

टॅक्सीचा किस्सा पण सांगतेच, कारण गोवेकरांना कळेल. हैनान बेटावर सान्या म्हणून गाव आहे, बीच, रिसॉर्ट, हनिमूनची जोडपी, म्हणजे त्यांचं कलंगुटच. नोकऱ्या गेलेले लोक गाडी घेऊन अॅपच्या टॅक्सीला लागले आणि इतके लागले की २०२३ च्या मे महिन्यात सान्याने नवीन परवाने देणंच बंद केलं, जागा नाही म्हणून. आपल्याकडे अॅपवाले नकोत म्हणून रस्ते अडवतात, तिकडे अॅपवालेच अॅपवाल्यांना जास्त झाले. डिलिव्हरीचं तेच, मेइत्वान या घरपोच जेवणाच्या कंपनीकडून २०२३ मध्ये ७४ लाखांवर रायडरनी पैसे कमावले, पूर्ण वेळ किती आणि जाता-येता किती ते वेगळं.

आता करिअर पॅकेज. १५ हजार. यात काय मिळणार होतं तर रेझ्युमे चायनीजमध्ये, मॉक इंटरव्ह्यू, 'एम्प्लॉयर कनेक्ट' आणि व्हिसा गायडन्स. रेझ्युमे मिळाला, तो सॉफ्टवेअरने भाषांतर केलेला, त्यात माझ्या 'क्वालिटी अॅश्युरन्स'चं असं काही झालं होतं की सरांनी वाचून चष्मा काढून ठेवला. मॉक इंटरव्ह्यू एकदा झाला, वीस मिनिटं, इंग्लिशमधून. एम्प्लॉयर कनेक्ट म्हणजे एक एक्सेल शीट, त्यातल्या निम्म्या कंपन्यांचे ईमेल बाउन्स. आणि हे कुणीच आधी सांगत नाही की तिकडचा एचआर वीचॅटवर, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सअॅपवर, बोलतो, आणि वीचॅट आपल्याकडे २९ जून २०२० पासून सरकारने बंदी घातलेल्या त्या ५९ चिनी अॅपांबरोबर बंद आहे. ज्या बाजारात सगळं चॅटवर चालतं तिथे तुम्ही म्हापशातून ईमेल टाकताय, म्हणजे लग्नाला पत्र पोस्टाने पाठवल्यासारखं.

सप्टेंबरमध्ये मॅडम एकदम खुशीत आल्या, कारण चीनने के-व्हिसा जाहीर केला होता, १ ऑक्टोबरपासून, तरुण विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसाठी, तिकडच्या कंपनीचं बोलावणं नसलं तरी चालेल असा. त्याच महिन्यात अमेरिकेने नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची फी एक लाख डॉलर केली, त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आता चीनच' असले मेसेज. मॅडमनी मला बोलावून घेतलं, तू तर बीएस्सी केमिस्ट्री, तुझंच काम झालं. मी सरांना विचारलं. सरांनी मूळ चायनीज मजकूर काढला आणि माझ्याकडूनच वाचून घेतला, शब्द लावत लावत : शिक्षण, विज्ञान, संस्कृती, उद्योग सुरू करणं, व्यवसाय. 'बाय, यात नोकरी हा शब्द दाखव.' नव्हता. मग त्यांनी तिकडच्या लोकांच्या कॉमेंट दाखवल्या, आमच्या पोरांना काम नाही आणि तुम्ही बाहेरची बोलावता काय, अशा नुसत्या शिव्या, आणि त्यात भारतीयांवर खास. ते वाचून मला रागापेक्षा ओळखीचं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे पण 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून काय कमी बोलतात का.

खरी गडबड ऑक्टोबरमध्ये. मॅडम म्हणाल्या एक ओपनिंग आहे, बालवाडीत इंग्लिश टीचर, पगार भारतीय रुपयांत लाखाच्या वर, फाइल चार्ज ५५ हजार, त्यातले १५ आत्ता. व्हिसा? 'बिझनेस व्हिसावर जायचं, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करून देतात.' मी भाबडी, १५ हजार जीपे केले, हे पॅकेजच्या वरचे. रविवारी सरांच्या कानावर घातलं तर त्यांचा चेहराच उतरला. वर्ग संपल्यावर मला खाली पाव-पातळभाजीच्या गाड्यावर नेऊन त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांनी लिहून ठेवा. चीनमध्ये नोकरी करायची तर झेड व्हिसा. आधी कंपनी तिकडून वर्क परमिटचं नोटिफिकेशन काढते, मग ते दाखवून इथे झेड व्हिसा, मग तिकडे उतरल्यावर ३० दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटचं काम. साधारण डिग्री आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, पॉइंट मोजतात, पगार, शिक्षण, वय, चायनीज किती येतं यावर ए, बी, सी असे गट पडतात. आणि परमिट त्या एकाच कंपनीचं, दुसरीकडे काम केलं की बेकायदेशीर. इंग्लिश टीचरच्या जागेला तर सर्वसाधारणपणे इंग्लिश मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे. आपला चालत नाही, तुमचं इंग्लिश राणीसारखं असलं तरी. 'बिझनेस व्हिसावर जाऊन शिकवताना पकडलं तर दंड, कोठडी, परत पाठवणी, आणि ही मॅडम फोन उचलणार नाही.'

सोमवारी मी गेले आणि विचारलं, तुमचं परराष्ट्र खात्याचं रिक्रूटिंग एजंटचं लायसन्स दाखवा. तर म्हणे आम्ही कन्सल्टन्सी, रिक्रूटमेंट करत नाही. नोकरी दाखवता, फाइल चार्ज घेता आणि रिक्रूटमेंट करत नाही! परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नाव शोधता येतं, आणि नोंदणीवाला एजंटसुद्धा ३० हजार आणि वर जीएसटी याच्यापुढे घेऊ शकत नाही. हे मला ५५ हजारांच्या अर्ध्या वाटेवर कळलं. पुष्कळ बोलाचाली झाल्यावर १५ पैकी साडेसात परत आले, उरलेले 'अकाउंटंट सुट्टीवर आहे'. दिवाळीचा नरकासुर जाळून झाला, तुळशीचं लग्न झालं, अकाउंटंट अजून सुट्टीवरच.

बॅचमधल्या बाकीच्यांचं सांगते. एक कॅसिनोत डीलर असलेला मुलगा मकाव या चीनमधल्या कॅसिनोंच्या शहरावर डोळा ठेवून आला होता, मांडवीतल्या बोटीवर पत्ते वाटतो तर तिकडे का नाही, आणि मकाव १९९९ पर्यंत पोर्तुगिजांचंच, म्हणून गोवेकराला उगाच आपलं वाटतं. त्याला तिसऱ्या महिन्यात कळलं की तिथे डीलरची नोकरी फक्त मकावच्या रहिवाशांना देतात. पैसे गेले, पण चायनीज गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत आकडे सांगता येतात एवढ्यावर तो खूश आहे. एक नवराबायको, लाइट आणि सजावटीचं दुकान, माल यीवू या चीनमधल्या घाऊक बाजाराच्या गावावरून येतो. पैसे वसूल झाले असतील तर यांचे. पूर्वी मधला दलाल जे सांगेल ते, आता वहिनी स्वतः सप्लायरला व्हॉइस मेसेज टाकून 'पु शिंग' म्हणतात, नाही चालणार, आणि भाव खाली येतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता-क्वांगचौ विमान परत सुरू झाल्यावर ते दोघं स्वतः जाऊन आले. भारतीयांना तिकडे जे काम खरोखर मिळतं ते बहुतेक याच जातीचं असतं असं सर सांगतात : यीवूत, षाओशिंगच्या कापडबाजारात, फोशानला भारतीय व्यापाऱ्यांच्या ऑफिसांत, माल बघणारा, भाव करणारा, कंटेनर भरून घेणारा माणूस. त्याखेरीज आपल्या आयटी कंपन्यांची तिकडची ऑफिसं, आणि योगा टीचर, हे मात्र बरेच आहेत. यातलं एकही त्या पत्रकावर नव्हतं.

माझं काय झालं? चीनला गेले नाही. पण नोव्हेंबरमध्ये कंपनीत एका चिनी सप्लायरच्या कच्च्या मालाचे पेपर आले, इंग्लिश सर्टिफिकेट आणि त्याच्यामागे त्यांचं मूळ चायनीज जोडलेलं, जे आमच्याकडे आजवर कुणी उलटून बघितलं नव्हतं. मी उलटलं. दोन्हीवर बॅच नंबर एकच, पण रीटेस्टची, म्हणजे माल परत तपासायची, तारीख इंग्लिशमध्ये एक वर्ष पुढची होती. वर्ष, महिना, दिवस ही तीन अक्षरं तर पहिल्या महिन्यातच शिकलेली, ती चुकणं शक्य नाही. ईमेल गेला, तिकडून 'टायपिंग मिस्टेक' आलं, नवीन सर्टिफिकेट आलं. त्यानंतर सप्लायर तपासायच्या मीटिंगला मला बोलावतात. पगार तेवढाच आहे, वरची खुर्ची पण तिथेच आहे आणि त्यात तोच माणूस आहे, फक्त आता तो पेपर माझ्याकडे सरकवतो आणि विचारतो, यात काय लिहिलंय गो.

तर रेटिंग. सर आणि भाषा, साडेचार, अर्धा त्या एसीसाठी कापला. वह्या, ऑडिओ, सराव, चार. वेळ पाळणं, पाच, सर पावसात कधी पाच मिनिटं उशिरा आले नाहीत. करिअर पॅकेज, एक, तो पण शून्य देता येत नाही म्हणून. जायचं असेल तर फक्त भाषेची फी भरा, पावती हातात घ्या, आणि मॅडमच्या केबिनमध्ये बसायला सांगितलं तर उभ्याउभ्याच बोला. पुढची बॅच फेब्रुवारीत आहे. मी तिसऱ्या लेव्हलला नाव घालणार आहे, सर शिकवणार असतील तरच. आणि रिफंड आला की इथेच खाली टाकते, नाही आला तरी टाकते.